उंदराचा दिवा

थुआन मास्तरांनी त्या वर्षी नववीला विजेचा सहावा धडा शिकवलाच नाही. पाचवा संपला आणि त्यांनी सरळ चुंबकावर उडी मारली. वर्गातल्या पोरांना काय, एक धडा गळला म्हणजे तेवढी घोकंपट्टी कमी. फक्त तिसऱ्या बाकावरच्या क्वेनने हात वर केला.

"सर, सहावा राहिला."

"राहिला नाही. मागाहून घेऊ."

"पण परीक्षेला त्याचीच गणितं येतात. तुम्हीच म्हणाला होता."

"क्वेन, खाली बस."

ती बसली. मास्तर फळ्याकडे वळले आणि चुंबकाचं उत्तर टोक कुठल्या बाजूला काढायचं तेच विसरले. सत्तावीस वर्षं ते कालव्याकाठच्या त्याच शाळेत तेच पुस्तक शिकवत होते. सहावा धडा तर त्यांच्या विशेष आवडीचा. दिव्यावर लिहिलेले वॅट आणि दिवा प्रत्यक्षात खातो ते वॅट हे एकच नसतात, विजेचा पुरा दाब मिळाला तरच लिहिलेला आकडा खरा, हे पोरांना पटवून देताना त्यांना दरवर्षी नव्याने हुरूप यायचा. यंदा मात्र तो धडा त्यांना नकोसा झाला होता, कारण क्वेनच्या बापाला, किएमला, जाऊन दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत मास्तरांनी त्या धड्याच्या नावाने एक खोटं बोलून ठेवलं होतं.

आता उंदरांचं सांगितल्याशिवाय हे पुढे जायचं नाही. भाताचं तिसरं पीक निसवायला आलं की त्या भागात उंदरांच्या फौजा उतरतात. विष घातलं तर बदकं मरतात, सापळे लावले तर उंदीर शहाणे होतात. मग लोक बांधाच्या कडेने, पाण्याच्या वर चार बोटं, एक उघडी तार ओढतात आणि सांजेला तिच्यात वीज सोडतात. तसं करायला बंदी आहे. ती आहे हे गावचा भोंगा रोज सकाळी ओरडून सांगतो आणि भोंग्यावर ओरडणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या शेतातला खटका दाबतो.

तारेच्या वाटेत, घराच्या ओसरीवर, एक दिवा टांगलेला असतो. त्याला सगळे उंदराचा दिवा म्हणतात. तारेला काही चिकटलं नाही तोवर तो विझलेला. उंदीर चिकटला की वीज दिव्यातून तारेत, तारेतून उंदरात आणि उंदरातून चिखलात जाते, आणि दिवा लागतो. मग घरातलं कुणीतरी उठतं, खटका बंद करतं, टॉर्च घेऊन उंदीर उचलून आणतं. घरोघरी रोजचं काम, त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

किएम मास्तरांचा जुना विद्यार्थी. गणितात बरा, हसण्यात पहिला. दोन वर्षांपूर्वी तार ओढायची ठरवली तेव्हा तो मास्तरांच्या घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "सर, पंधराचा दिवा घालतो मधे. म्हणजे तारेतून किती जाईल ते सांगा."

मास्तरांनी त्याच्याच सिगारेटच्या पाकिटावर गणित मांडलं. "पंधरा भागिले दोनशेवीस. शून्य पूर्णांक शून्य अडुसष्ट अँपिअर. तार कुठेही टेकली तरी याच्या वर जाणार नाही."

"मग काहीच नाही की!"

"काहीच नाही कसं? याच्या निम्म्यातसुद्धा माणूस जातो. तू तार ओढूच नकोस."

"सर, त्या दिव्यात मला माझ्या वाटीतला मासा दिसत नाही. पंधरा वॅटला मी मरणार? मी काय उंदीर आहे?"

मास्तर हसले. हेच त्यांना नंतर टोचत राहिलं, की आपण हसलो. गावात सगळेच विजेची भीती वॅटने मोजत. पंप म्हणजे वाघ, इस्त्री म्हणजे चावरा कुत्रा, पंधराचा दिवा म्हणजे भिंतीवरची पाल. छातीतून किती अँपिअर गेले हा हिशेब कुणाच्या डोक्यात शिरत नसे. त्या दिवशी मास्तरांनी आवाज चढवायला हवा होता, पाकीट फाडून टाकायला हवं होतं. त्यांनी दुसरा कप चहा ओतला.

पुढे झालं ते असं. एका सांजेला किएमने खटका दाबला, हात धुतले, आणि जेवायला बसणार तोच शेतातून बदकाचा आवाज आला. एक बदक मागे राहिलं होतं. ते तारेला लागेल म्हणून तो तसाच बांधावरून गेला. खटका बंद करायला चार पावलं मागे यावं लागलं असतं, तेवढा तो आला नाही. तार कुठून कुठे जाते ते त्याला पाठ होतं. बांध ओला होता. पाय घसरला, दोन्ही पाय पाण्यात गेले आणि आधाराला त्याने जे धरलं ती तार होती.

भात निवायला लागला तेव्हा त्याची बायको लोआन बघायला गेली. डॉक्टर आले, त्यांनी डोळे पाहिले, मान हलवली. पहिल्या दोन मिनिटांत वीज तोडली असती तर काही सांगता आलं असतं, म्हणाले. लोआन रडली नाही. प्रेतयात्रेतही रडली नाही, आणि बायका आपापसात त्याबद्दल बोलल्या. बायकांना बोलायला काय लागतं!

एकोणपन्नासाव्या दिवशी गेलेल्याच्या नावाने जेवण घालतात, त्या जेवणाला मास्तर गेले होते. पानं उठली, माणसं आपापल्या होड्यांत बसून पांगली. मास्तर निघाले तशी लोआन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या मागे फोटोतला किएम हसत होता आणि त्याच्यापुढे उदबत्त्या जळत होत्या.

"सर, एक विचारायचं होतं."

"विचार ना, पोरी."

"उंदीर चिकटला तरी दिवा लागतो. माणूस चिकटला तरी लागतो. फरक पडतो का? दिव्यावरून कळतं का?"

मास्तरांना उत्तर माहीत होतं. प्रेत घरी आणलं त्याच घटकेपासून ते त्यांच्या डोक्यात होतं, आणि हा प्रश्न आपल्याला कुणी विचारू नये म्हणून ते दोन वेळा वाट बदलून घरी गेले होते. त्या दिवशी लोआन ओसरीवर होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिवा तिच्या डोक्यावर होता आणि खटका चार पावलांवर. या बाईला आता चाळीस वर्षं जगायचं आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"नाही," ते म्हणाले. "दिव्यावर पंधरा लिहिलंय ना? तो पंधराचाच राहतो. उंदीर असो, बेडूक असो नाहीतर माणूस. तुला कळणं शक्यच नव्हतं."

"नक्की?"

"अगं गणित आहे ते, मी माझ्या मनाचं सांगतो का?" त्यांनी खिशातून कागद काढला आणि लिहिलं : दोनशेवीस गुणिले शून्य पूर्णांक शून्य अडुसष्ट, बरोबर पंधरा. गुणाकार चोख होता, फक्त तो तिच्या प्रश्नाचा नव्हता. लोआनने कागदाची घडी केली आणि किएमच्या फोटोसमोरच्या उदबत्तीदाणीखाली ठेवली.

"क्वेनला दाखवते," ती म्हणाली. "या वर्षी तिला हेच आहे ना?"

म्हणून त्यांनी सहावा धडा गाळला. सत्तावीस वर्षं ज्याने पोरांना एक आकडा चुकू दिला नाही तो माणूस आता एका चौदा वर्षांच्या मुलीपासून पुस्तकाची आठ पानं लपवत होता.

पण छापलेलं पुस्तक लपवणार तरी कसं? एका रविवारी सकाळी क्वेन त्यांच्या दारात उभी. हातात वही.

"सर, मी सहावा स्वतःच वाचला."

"बरं. कळला?"

"कळला." तिने वही उघडून त्यांच्यापुढे धरली. अक्षर बापासारखंच उजवीकडे कललेलं. "आधी दिव्याचा रोध काढला. दाब भागिले प्रवाह. दोनशेवीस भागिले शून्य पूर्णांक शून्य अडुसष्ट, तीन हजार दोनशे पस्तीस ओहम. मग त्याच्यापुढे उंदराचा रोध मिळवला."

"उंदराचा कुठून आणलास?"

"बाजारात खायला विकतात त्यांतला एक आणला. भिजवला आणि बाबांच्या मीटरने मोजला. दहा हजार निघाला. लोक हसत होते."

मास्तर हसू शकले नाहीत.

"दोन्ही मिळून तेरा हजार दोनशे पस्तीस. मग प्रवाह उरतो सोळा-सतरा हजारांश. त्याचा वर्ग गुणिले दिव्याचा रोध. दिव्याला एक वॅटसुद्धा मिळत नाही, सर. जेमतेम तांबडा होत असेल." तिने पान उलटलं. "आणि ओल्या माणसाचा रोध पुस्तकात हजार दिलाय. त्याचं केलं तर पावणेनऊ येतात."

कालव्यावरून एक होडी मोटार फटफटवत गेली आणि तिच्या लाटा पायऱ्यांवर आपटल्या.

"दहापट, सर," क्वेन म्हणाली.

मास्तरांना सबबी नव्हत्या असं नाही. दिव्याची तार थंड असताना रोध वेगळा, तापल्यावर वेगळा, ओला माणूस कधी हजार तर कधी दोन हजार, असं बरंच बोलून त्या पोरीला गोंधळवता आलं असतं. पण दहापटीचा फरक त्याने पुसला जात नाही, हे तिलाही कळलं असतं.

"आईला दाखवलंस?"

"नाही. ती रोज विचारते, सरांनी सांगितलं ते बरोबर आहे ना. मी म्हणते, अजून धडा व्हायचाय. तो धडा राहू द्या, सर. वर्गात मी उगाच विचारलं. तेव्हा मला माहीत नव्हतं."

मास्तरांचे डोळे भरून आले. आपलं खोटं या एवढ्याशा पोरीने न सांगता उचललं आणि खांद्यावर घेतलं, याची त्यांना लाज वाटली आणि तिचं कौतुकही वाटलं. दोन्ही एकदमच.

"पण ती फार दिवस थांबणार नाही," क्वेन म्हणाली. "म्हणून मी नव्या पानावर तुमचं गणित लिहून आणलंय. पंधराचा पंधरा. तुम्ही बरोबरची खूण करा. मग तिला पटेल."

पान समोर होतं. प्रश्न : तारेला उंदीर चिकटल्यास व माणूस चिकटल्यास दिव्याच्या शक्तीत काय फरक पडेल? उत्तर : काही फरक पडणार नाही. खाली मास्तरांचाच गुणाकार. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्याला मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं. त्यांनी लाल पेन काढलं, खूण केली, तारीख टाकली, सही केली. उदबत्तीदाणीखालचा कागद आणि ही वही, दोन्ही मिळून निभावेल असं त्यांना वाटलं. त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी नीट झोपले, हेही सांगायला हवं.

तीन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत लोआन शाळेत आली. पोरं डबे खायला कालव्याच्या काठी गेली होती, वर्ग रिकामा होता. तिने बदकाच्या अंड्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि पहिल्या बाकावर, पोरीसारखी, हात पुढे ठेवून बसली. मग मांडीवर उतरून ठेवलेल्या टोपीखालून वही काढली.

"हे तुम्ही तपासलंत ना, सर?"

"हो."

"बरोबर आहे?"

"सही आहे की माझी."

"सही बघितली. मी विचारते, बरोबर आहे का?"

"बरोबर आहे, लोआन. आता हे डोक्यातून काढून टाक."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. लांबून चालत आलेलं माणूस बंद दाराकडे बघतं, तशी.

"मग त्या दिवशी मला सुई कशी ओवता आली?"

मास्तरांना आधी कळलंच नाही.

"क्वेनच्या शाळेच्या सदऱ्याची बटणं तुटली होती," ती म्हणाली. "आत ट्यूब लावली की डास येतात, म्हणून मी ओसरीवर बसले होते. अंधार पडत आलेला, दोरा ओवता येईना. तेवढ्यात दिवा लागला. उंदराला तो कसा लागतो मी दोन वर्षं बघतेय, सर. उदबत्तीच्या टोकाएवढा तांबडा. त्यात हातसुद्धा दिसत नाही. त्या दिवशी पिवळा लागला. छान पिवळा."

"लोआन..."

"मला वाटलं, आज मोठा घावला. दोन-तीन चिकटले असतील. म्हटलं, बरं झालं, हे बांधावर आहेतच, येताना उचलून आणतील." ती बोलत होती आणि तिची बोटं बाकावर दोरा ओढल्यासारखी हलत होती. "मी पाट उचलला आणि त्या दिव्याच्या खाली जाऊन बसले. सुई ओवली. एक बटण लावलं. दुसरं लावलं. चार बटणं लावली, सर. चार. एवढा चांगला उजेड होता की मी टाके बारीक घातले."

मास्तर खुर्चीत बसले होते. या बाईला वाचवायचं म्हणून आपण काय काय केलं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. ती आधीपासूनच तिथे, दिव्याखाली, बसलेली होती.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले. "मग मला का विचारलंस?"

"कुणीतरी माझ्यासोबत ते बघावं म्हणून विचारलं." आता तिचा आवाज चढला. "तुम्ही म्हणालात, उजेड सारखाच. पोरगी म्हणते, सारखाच. दोघं मिळून मला सांभाळायला निघालात, कळत नाही का मला? पोरगी वही दाखवताना माझ्याकडे बघत नव्हती. पण तुमच्या गणितात तो दिवा उजळलाच नाही, सर. मग मी कुणाला सांगू? मग त्याच्याखाली मी एकटीच बसले होते?"

मास्तरांनी डोळे पुसले. लपवायचं आता काही उरलं नव्हतं.

"खरं गणित करा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

ते उठले. फळ्यावर चुंबकाची आकृती होती, ती पुसली. आकडे नीट काढले, कारण आकडे वाकडे काढणं त्यांना येतच नव्हतं. दिव्याचा रोध काढला. त्याखाली हजार लिहिले.

"हे हजार कशाचे?"

"किएमचे. ओल्या अंगाचे."

"एवढेसेच?"

"पाय पाण्यात होते ना. कोरड्या माणसाचे पुष्कळ असतात."

तिने मान हलवली. मास्तरांनी बेरीज केली, दोनशेवीसला भागलं. "बावन्न हजारांश अँपिअर. हे त्याच्यातून गेलं. आणि दिव्यातूनही तेवढंच गेलं." हे वाक्य त्यांनी सत्तावीस वर्षं म्हटलं होतं, एका वाटेवरच्या सगळ्यांतून प्रवाह सारखाच जातो. ते इतकं जड असेल हे त्यांना कधी कळलं नव्हतं. मग त्यांनी वर्ग केला, गुणाकार केला, आणि खाली उत्तर लिहिलं. पावणेनऊ वॅट.

"सुई ओवायला पुरतात?" लोआनने विचारलं.

"पुरतात."

ती अगदी हळू म्हणाली, "आणि पहिल्या बटणाला उठले असते तर?"

याला सूत्र नव्हतं. 'कोण सांगणार' म्हणून सुटता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण डॉक्टर दोन मिनिटं म्हणाले होते, आणि बटण लावायला किती वेळ लागतो ते एकट्या राहणाऱ्या मास्तरांना ठाऊक होतं. खडू त्यांच्या हातात तसाच होता.

"तर कदाचित वाचला असता," ते म्हणाले.

लोआनने कपाळ बाकावर टेकवलं आणि ती रडायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, हुंदके देऊन. बाहेर काठावर जेवणाऱ्या पोरांनी माना वळवल्या. मास्तरांनी जाऊन दार लावून घेतलं, तिच्या शेजारच्या बाकावर बसले, आणि 'उगी' म्हणाले नाहीत.